पित्याचे नाव आणि कचेरीची खिडकी

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर चाकणपर्यंत पसरत गेलेल्या कारखानदारीने मराठवाड्यातील, विदर्भातील आणि पुढे परप्रांतांतीलही माणसे या पट्ट्यात आणली. माणूस कामासाठी गाव सोडतो, पण पहिल्या बाळंतपणासाठी त्याची पत्नी माहेरीच जाते. जन्माची नोंद मात्र कायद्याप्रमाणे जन्म झाला त्याच ठिकाणी होते. परिणामी बाप चाकणच्या कारखान्यात, मूल निघोज्यातील भाड्याच्या खोलीत आणि त्या मुलाच्या पित्याचे नाव ज्यात लिहिलेले, चुकीचे लिहिलेले किंवा लिहावयाचेच राहून गेलेले, ते रजिस्टर दूरच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या कपाटात, अशी ही विभागणी होते. शाळेने दाखला मागितला की कंत्राटी कामगाराला रोज बुडवून गाव गाठावे लागते. दाखले आता संगणकावर निघतात हे खरे, परंतु जुन्या रजिस्टरातील चूक संगणकाने सुधारत नाही.

या बाबतीत कायदा कचेरीपेक्षा पुष्कळच उदार आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६, यांची भूमिका एकच आहे. वैध विवाह चालू असताना, अथवा तो संपुष्टात आल्यावर आईने पुनर्विवाह केलेला नसता २८० दिवसांच्या आत, जन्मलेले मूल औरस मानले जाते. त्या काळात पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, असे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर असतो. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२३ रोजी मुलाच्या डी.एन.ए. चाचणीचा आदेश रद्द केला. पतिपत्नींच्या भांडणात अशी चाचणी सर्रास घेता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. न्यायालय ज्या मुलाकडे पुरावा मागत नाही, त्याच मुलाला शाळेच्या वा कचेरीच्या खिडकीवर मात्र पुराव्याचे भेंडोळे न्यावे लागते.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. बहुसंख्य कुटुंबांत पितृत्वाबद्दल वाद नसतोच. वाद असतो तो एका काना-मात्रेचा, टोपणनावाचा किंवा रिकाम्या रकान्याचा. अशी चूक दुरुस्त करण्याचा अधिकार १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ ने निबंधकालाच दिला आहे. मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहावयाची, एवढेच ते काम. त्यासाठी कामगाराला ‘कोर्टातून आणा’ असे सांगणे म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालणे होय. पितृत्वच नाकारले जात असेल, तर गोष्ट वेगळी. अपत्याच्या औरसतेविषयी घोषणा करण्याचा अधिकार १९८४ च्या अधिनियमाने कौटुंबिक न्यायालयाला दिलेला आहे. अनौरस अपत्यालाही पित्याकडून पोटगी मागता येते.

मग उरते ती एकटी आई. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अविवाहित वा एकल मातेने मुलाचा दाखला मागितल्यास तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घ्यावे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावण्याचे ठरविले, तेही स्वागतार्हच. तथापि वडिलांचा रकाना रिकामा दिसताच ‘त्यांना घेऊन या’ म्हणण्याची सवय नियम बदलल्याने जात नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून दाखवावा लागणार आहे. या मुलांची शाळा आता दूर नाही. दुरुस्तीचा अर्ज कामगाराला पिंपरीत वा चाकणला देता यावा आणि तेथून तो मूळ गावच्या निबंधकाकडे जावा, एवढी सोय त्याआधी शासनाने करावयास हवी. रोज बुडण्याचे दुखणे तेवढ्याने तरी टळेल.