‘तमस’ आणि आपली भिवंडी

भीष्म साहनी यांची ‘तमस’ ही हिंदी कादंबरी फाळणीच्या वेळच्या पंजाबातील दंगलींवर आहे. पण तिच्या जन्माशी आपल्या भिवंडीचे नाते आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. मे १९७० च्या दंगलीत भिवंडी होरपळली. त्यानंतर साहनी आपले बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्यासोबत इथे आले. जळालेली घरे आणि मुके पडलेले माग पाहून त्यांना १९४७ चे रावळपिंडी आठवले. पुढे त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. १९७५ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांनी ती दूरदर्शनवर आणली.

तमस म्हणजे अंधार. कुरआनमध्ये नूर एकवचनी येतो, तर अंधारासाठी येणारा ‘जुलुमात’ हा शब्द अनेकवचनी आहे. कादंबरी वाचताना आम्हाला हेच जाणवले : अंधार अनेक तऱ्हांचे असतात. कातडी सोलणारा गरीब नत्थू एका कोंदट कोठडीत, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात डुक्कर मारतो. मुराद अलीने पाच रुपये दिले आहेत; कशासाठी, हे त्याला माहीत नाही. हा अज्ञानाचा अंधार. मुराद अलीचा अंधार कपटाचा. इंग्रज अधिकारी रिचर्ड विद्वान आहे, पण शहर पेटताना हात बांधून बसतो. हा सत्तेचा अंधार.

आणि प्रत्येक उजेड नूर नसतो. धान्यबाजाराला लागलेल्या आगीने रात्रीचे आकाश उजळते, पण त्या उजेडात माणसाला माणूस दिसत नाही. खरा उजेड राजो या मुस्लिम गृहिणीच्या दारात भेटतो. वृद्ध शीख जोडपे, हरनामसिंग आणि बंतो, आसरा मागते. राजोच्या घरातले पुरुष लुटीला गेले आहेत, तरीही ती दार उघडते.

शेवटी अमन कमिटीच्या बसमध्ये बसून शांततेच्या घोषणा देणारा मुराद अलीच असतो. म्हणून घोषणा कोण देतो यापेक्षा दार कोण उघडतो, हे पाहावे. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. नंतर इथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

‘तमस’ घरात जरूर वाचावी. आणि मुलांना विचारावे : राजोच्या जागी आपण असतो, तर कडी काढली असती का?