चिमणराव प्रताधिकारमुक्त झाल्यानंतर : मराठीतील अभिजात पात्रे आणि महाविद्यालयीन लघुपट

प्रस्तावना

विनोदी लेखक चिंतामण विनायक जोशी यांचे निधन १९६३ मध्ये झाले. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२३ रोजी ही मुदत संपली आणि १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव, गुंड्याभाऊ आणि काऊ ही पात्रे कोणालाही वापरण्यास खुली झाली. योगायोग असा, की त्याच दिवशी अमेरिकेत १९२८ च्या 'स्टीमबोट विली' या लघुपटातील मिकी माऊसही मुक्त झाला. मिकी माऊसची जगभर चर्चा झाली. चिमणरावाच्या वाट्याला ती आली नाही. आज बहुतेक महाविद्यालयांत विद्यार्थी भ्रमणध्वनीवर लघुपट तयार करतात आणि मार्गदर्शक प्राध्यापकापुढे पहिला प्रश्न येतो तो 'ही कथा घेता येईल का?' हाच. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मुदतीचे गणित

आपल्याकडे मुदत मोजली जाते ती लेखकाच्या मृत्यूपासून. अमेरिकेत त्या काळातील कृतींची मुदत प्रथम प्रकाशनापासून ९५ वर्षे आहे. हा फरक केवळ तांत्रिक नाही. शेरलॉक होम्सच्या कथा अमेरिकेत एकेक करून मुक्त झाल्या व शेवटच्या कथांसाठी २०२३ उजाडावे लागले. याउलट चिं. वि. जोशी यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले सारे लेखन भारतात एकाच दिवशी मुक्त झाले. मरणोत्तर प्रथमच प्रकाशित झालेल्या लेखनास मात्र प्रकाशनवर्षापासून स्वतंत्र साठ वर्षे मिळतात. तसेच नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा व चित्रे यांचे हक्क त्यांच्या कर्त्यांकडे असतात. तेव्हा जुनी आवृत्ती मिळवून तिच्यावरूनच पटकथा लिहिणे इष्ट.

पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, त्या निमित्ताने ती साठ वर्षे करण्यात आली. राम गणेश गडकरी १९१९ साली निवर्तले. त्यामुळे 'एकच प्याला'तील तळीराम १९७० पासूनच मुक्त आहे. साने गुरुजींचा श्याम २०११ च्या आरंभी मुक्त झाला. विद्यार्थ्यांना सर्वाधिक मोह पडतो तो पु. ल. देशपांडे यांच्या सखाराम गटणेचा, परंतु पु. लं.चे निधन २००० सालचे असल्याने गटणे २०६० अखेरपर्यंत परवानगीवाचून घेता येणार नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार २०५६ अखेरपर्यंत बंदिस्त आहे. नामसाधर्म्यामुळे घोटाळा होतो तो दोन आपट्यांचा. ह. ना. आपटे १९१९ मध्ये वारले, ना. ह. आपटे १९७१ मध्ये. पहिल्यांची यमू मुक्त आहे. दुसऱ्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीसाठी, जिच्यावरून प्रभातचा 'कुंकू' (१९३७) निघाला, २०३१ सरेपर्यंत थांबावे लागेल.

कोल्हापूरचा वारसा

चिमणरावाला प्रथम पडद्यावर आणणारा दिग्दर्शक कोल्हापूरचाच होता. मास्टर विनायक यांनी नवयुग चित्रपट संस्थेसाठी चिं. वि. जोशी यांच्या कथांवर 'लग्न पहावं करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) हे चित्रपट केले; दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी त्यांत होती. या नगरीत साहित्य आणि चित्रपट यांचे नाते त्याहून जुने आहे. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' (१९२३) ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. मंगळवार पेठ परिसरातील जयप्रभा स्टुडिओ, म्हणजे पूर्वीचे कोल्हापूर सिनेटोन, याच परंपरेचा साक्षीदार.

तथापि मूळ कथा मुक्त झाली म्हणून तिची प्रत्येक आवृत्ती मुक्त होत नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे असतो. त्यानुसार विनायकांच्या या दोन चित्रपटांची मुदत कधीच उलटली आहे. तरीही त्यांतील गीते व संवाद यांचा हक्क त्या त्या लेखकाच्या मृत्यूपासून स्वतंत्रपणे मोजावा लागतो. मुंबई दूरदर्शनवरील 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असल्याने ती अद्याप संरक्षित आहे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी उभ्या केलेल्या लकबी मराठी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर इतक्या पक्क्या बसल्या आहेत, की विद्यार्थी नकळत पुस्तकातील चिमणरावाऐवजी दूरदर्शनचा चिमणराव करू लागतात. कायद्याच्या दृष्टीने हे जोखमीचे, आणि कलेच्या दृष्टीनेही फारसे श्रेयस्कर नाही.

रूपांतराची अडचण

चिमणरावाची खरी अडचण निराळीच आहे. तो आपल्या फजितीची हकिकत स्वतः सांगतो. आपण किती शहाणपणाने वागलो असे तो सांगत असतो आणि आपण किती मूर्ख ठरलो हे वाचकाला दिसत असते. विनोद या दोहोंमधील अंतरात आहे. कॅमेरा समोर आला की फजिती थेट दिसते आणि सांगणारा नाहीसा होतो. उरते ती धडपड आणि पडझड. अनेक रूपांतरे ढोबळ होतात ती यामुळेच. निवेदन ध्वनिमुद्रित करून दृश्याला छेद देणारे ठेवले, म्हणजे आवाज एक सांगतो व चित्र दुसरेच दाखवते असे केले, तर पंधरा मिनिटांच्या लघुपटात हे अंतर राखता येते. त्यासाठी खर्च काहीच नाही, परंतु मूळ मजकूर पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. मराठी विभागाचे काम येथेच सुरू होते.

दुसरा प्रश्न स्थळाचा. चिमणराव पुण्याचा कारकून. त्याला कोल्हापूरच्या पेठेत आणावे काय? कायद्याची आडकाठी नाही. सोटा बाळगणारा गुंड्याभाऊ खासबागेच्या मातीत अगदी शोभून दिसेल. पण चिमणरावाच्या तोंडी रांगडी बोली घातली की त्याचा भिडस्त, पुस्तकी मध्यमवर्गीय स्वभाव टिकत नाही. गुंड्याभाऊला कोल्हापूरचा करून चिमणरावाला पुण्याहून आलेला पाहुणा ठेवणे हा त्यातल्या त्यात समंजस मार्ग वाटतो.

मुक्ततेच्या मर्यादा

अधिनियमाचे कलम ५७ लेखकाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करते. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी विकृतीविरुद्धचा हा हक्क प्रताधिकाराच्या मुदतीपुरताच होता. दुरुस्तीने ती अट काढून टाकली आणि लेखकाच्या पश्चात त्याच्या विधिप्रतिनिधींनाही हा हक्क बजावता येतो. अमेरिकेत विनी द पू मुक्त होताच २०२३ मध्ये त्यावर रक्तपाताचा भयपट निघाला. तसाच प्रयोग कोणी श्यामच्या आईवर केला, तर मुदत संपली एवढे उत्तर आपल्याकडे पुरेल असे नाही. मात्र उपहास आणि विकृती यांतील सीमारेषा कलमात आखून दिलेली नाही. विद्यार्थ्याला भीती घालून प्रयोग बंद पाडणे हाही या कलमाचा गैरवापरच ठरेल.

महाविद्यालयात कर्मचारी, विद्यार्थी व पालक यांच्यापुरत्या होणाऱ्या सादरीकरणास कलम ५२ सवलत देते. परंतु लघुपट यूट्यूबवर ठेवला की प्रेक्षक मर्यादित राहत नाही आणि सवलत तेथेच संपते. शिवाय आंतरजालाला देशाची सीमा नाही. चिं. वि. जोशी यांचे साहित्य १९९६ साली भारतात संरक्षित होते, म्हणून अमेरिकेत त्यास प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण लागू होते. १९४० साली प्रथम प्रसिद्ध झालेली कथा तेथे २०३५ अखेरपर्यंत मुक्त नाही. कथा निवडताना तिच्या प्रथम प्रकाशनाचे वर्ष नोंदवून ठेवणे आणि लघुपट चढवताना तो भारतापुरता खुला ठेवणे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे. श्रेयनामावलीत मूळ लेखकाचे, कथेचे व आवृत्तीचे नाव द्यावे. कर्तृत्वाचा उल्लेख हा कलम ५७ मधील हक्कच आहे.