कागदाची तारकशी

महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतून पुष्कळ गोष्टी हळूहळू सुटत गेल्या. रुखवत मात्र सुटले नाही. मूळचा हा वराकडे न्यावयाचा फराळ. पुढे त्याच्या शेजारी घरच्या मुलीबाळींच्या हस्तकौशल्याच्या वस्तू येऊन बसल्या आणि पाहता पाहता त्यांनीच सारे मेज व्यापले. सुपारीचे भटजी, खारकांची बैलगाडी, लोकरीची तोरणे, मण्यांचे रुमाल ही मंडळी तर आपल्या सर्वांच्या परिचयाची. अलीकडे त्यांत एक नवी पाहुणी आली आहे. कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून, त्यांची वेटोळी दाबून, चिमटून, शेजारी शेजारी चिकटवून केलेली नक्षी. मुली तिला ‘क्विलिंग’ म्हणतात.

आम्ही ती प्रथम पाहिली तेव्हा पोरखेळ समजून पुढे गेलो होतो. मुख्याध्यापकाच्या मेजावर शिक्षकदिनी अशी रंगीत शुभेच्छापत्रे पुष्कळ येतात. ती आम्ही कौतुकाने पाहतो आणि कपाटात ठेवून देतो. परंतु २०२२ सालच्या पावसाळ्याअखेर असा प्रसंग आला, की ही सुई आम्हांला स्वतःच हाती धरावी लागली. आणि या पोरखेळात केवढे सामर्थ्य आहे, हे पन्नाशी उलटल्यावर समजले.

या कलेचे कूळ मोठे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत ‘क्विल’ म्हणजे पक्ष्याचे पीस. आपल्याकडे जसा बोरू, तशी युरोपात पिसाची लेखणी. त्याच पिसाच्या देठावर कागदाची पट्टी गुंडाळीत, म्हणून कलेला ते नाव पडले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत फ्रान्स आणि इटली या देशांतील मठांतून ही कला बहरली, असे मानतात. धर्मग्रंथांच्या पानांना सोनेरी कड असे. ती छाटताना निघालेल्या पट्ट्या जोगिणी टाकून देत नसत. त्या गुंडाळून देवादिकांच्या तसबिरींना आणि पवित्र अवशेषांच्या पेट्यांना त्यांची नक्षी करीत. सोन्याचांदीच्या तारेचे काम परवडत नव्हते. दुरून पाहणाराला तसेच वाटावे, असे हे कागदाचे काम होते. कटकची किंवा करीमनगरची चांदीची तारकशी ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या हे साम्य चटकन ध्यानी येईल. म्हणूनच आम्ही या कलेला ‘कागदाची तारकशी’ म्हणतो.

अठराव्या शतकात ती मठातून निघून इंग्लंडच्या सुखवस्तू घरांत शिरली. चहाच्या पेट्या, पडदे, चौकटी यांवर कुलीन स्त्रिया ही नक्षी करीत. १७८६ साली ‘न्यू लेडीज मॅगझिन’ या मासिकाने तिचे नमुने छापले होते. राजा तिसरा जॉर्ज याची कन्या राजकुमारी एलिझाबेथ हिलाही या कामाचा छंद होता. जेन ऑस्टिन यांच्या १८११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत तर अशा एका कागदी परडीला चांगलेच महत्त्व आहे. ल्यूसी नावाची तरुणी यजमानीणबाईंच्या लाडावलेल्या मुलीसाठी ती परडी करीत असते. प्रेमापोटी नव्हे, तर बाईंची मर्जी राखावी म्हणून. एलिनॉर तिच्या पट्ट्या गुंडाळून देण्यास बसते, आणि त्या कामाच्या आडोशाने दोघींचे मनातले बोलणे होते. हाताने केलेली भेटही खुशामतीची असू शकते, हे त्या चतुर लेखिकेने दाखवून दिले. तथापि, हात कामात गुंतले की जे एरवी बोलता येत नाही ते बोलता येते, हेही तिने ओळखले होते.

आता आमच्या प्रसंगाकडे येतो. इंदुरातील जुन्या वस्तीत आमचा वडिलोपार्जित वाडा होता. गल्लीत त्याला ‘तुळशीवाला वाडा’ म्हणत. २०११ साली तो विकावा लागला. आम्ही भाऊ दोघेच. तरी विक्रीच्या पैशांवरून जे शब्द व्हायला नको होते, ते झाले. कोणाचे चुकले, याची चर्चा येथे नको. थोरलेपण आमच्याकडे होते, एवढे म्हणणे पुरे. त्यानंतर धाकटा वडिलांच्या श्राद्धाला येई, पानावर मोजके बोले आणि विडा न घेता निघून जाई. २०२२ सालच्या पितृपक्षात तो आला तेव्हा ‘मुलीचं लग्न ठरलं आहे, मार्गशीर्षातला मुहूर्त आहे,’ एवढे सांगून उठला. पुतणीच्या लग्नात मोठ्या काकांनी काय द्यावे? पाकिटात पैसे घालावेत, तर पैशांवरूनच सारे बिनसलेले. मोबाइलवरून एखादी भारी वस्तू मागवावी, तर तीही रकमेच्याच भाषेत बोलणार. आमच्या मुलीने सुचविले, “बाबा, ताईच्या रुखवतात आपण आपला वाडा देऊ या. कागदाचा.”

खजुरी बाजारातून सामान आले. फार काही लागत नाही. तीन आणि पाच मिलिमीटर रुंदीच्या तयार पट्ट्यांची पुडकी, टोकाला फट असलेली एक सुई, चिमटा, पांढरा डिंक आणि पाठीमागे जाड पुठ्ठा. सुई न मिळाल्यास खराट्याच्या काडीचे टोक चिरून घ्यावे. काम अडत नाही. पट्ट्या घरीही कापता येतात. परंतु रुंदी सर्वत्र सारखी हवी, नाहीतर वेटोळ्याचा माथा उंचसखल होतो. कागद वहीच्या पानापेक्षा किंचित जाड असावा. फार पातळ कागद आकार धरत नाही आणि फार जाड कागद गुंडाळताना मोडतो.

पट्टीचे टोक फटीत अडकवून सुई फिरवावी, पट्टी बोटांनी बेताची ताणून धरावी. गुंडाळी न सोडता शेवट चिकटविला तर घट्ट वेटोळे होते. सैल सोडून चिकटविला तर आतले वळसे उलगडून घड्याळाच्या कमानीसारखे दिसतात. या सैल वेटोळ्यातच पुढचे सारे भांडार आहे. ते एका बाजूस चिमटले की थेंब होतो, समोरासमोरच्या दोन बाजूंस चिमटले की डोळा किंवा पान, चार बाजूंस चिमटले की चौकोन. आणि बोटावर वाकविले की चंद्रकोर. पाच थेंबांची टोके मध्ये जुळविली की फूल. सगळ्या पाकळ्या सारख्या हव्या असतील, तर प्रत्येकीची पट्टी तंतोतंत सारख्या लांबीची घ्यावी आणि वेटोळे एकाच मापाच्या भोकात सैल सोडावे. आम्ही यासाठी कंपासपेटीतील वर्तुळांची पट्टी वापरली. आणखी एक खुबी म्हणजे, चिकटवायचे टोक कात्रीने न कापता हाताने फाडावे. फाटलेली कड कागदात मिसळून जाते, सांधा दिसत नाही.

डिंकाने आमची फार फजिती केली. नवशिक्याला वाटते, जास्त लावला तर जास्त टिकेल. प्रत्यक्षात जास्तीचा डिंक बाहेर येऊन चकाकतो, बोटांना लागतो आणि बोटांवरून स्वच्छ कागदावर जातो. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा पुरतो. आमच्या आजीच्या पद्धतीने कणकेची खळ करावी, असेही मनात आले होते. परंतु खळ म्हणजे कसरीला आमंत्रण. पूर्वीचे पुस्तकबांधणीवाले म्हणूनच तीत मोरचूद घालीत. आणि ते विष मुलांच्या हाती द्यायचे नाही.

पहिल्या आठवड्यात आमची वेटोळी पाहून मुलगी हसली. वेलांट्या गिरविणाऱ्या पहिलीतल्या मुलासारखी आमची गत होती. एक लहान, एक मोठे, एक सुटलेले. हळूहळू बोटे वळली. रोज रात्री जेवणानंतर तासभर आम्ही तिघे बसू लागलो. मुलगी दारे-खिडक्या करी, सौभाग्यवती तुळशीची पाने चिमटीत आणि आमच्याकडे कौले आली. नुसती कौलेच चारशेवर भरली. दाराच्या पितळी कड्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या सोनेरी कडा कापून घेतल्या. तेव्हा मठातील त्या जोगिणींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

एक गंमत येथेच सांगतो. खाली वाड्याचे नाव घालायचे ठरले आणि मुलीने पेन्सिलीने ‘तुलसीवाला वाडा’ असे लिहिले. हिंदी शाळेत शिकलेल्या मुलांचा ‘ळ’ असा नकळत गळून पडतो. आम्ही तो सुधारला आणि पट्ट्यांनी अक्षर घडवायला बसलो, तर काय आश्चर्य! साऱ्या वर्णमालेत या कामाला ‘ळ’इतके सोयीचे अक्षर नाही. दोन सैल वेटोळी शेजारी जोडावीत, वर शिरोरेघ द्यावी, की ‘ळ’ तयार. मुलीने तो स्वतः केला. वीस वर्षे व्याकरण शिकवून जे आम्हांला साधले नाही, ते दोन वेटोळ्यांनी साधले. त्यानंतर तिच्या लिहिण्यात ‘तुळस’ चुकलेली नाही.

परंतु खरी गोष्ट निराळीच. चारशे कौले गुंडाळताना माणूस दुसरे काय करणार? आठवत बसतो. संक्रांतीला पतंगाच्या मागे कौलांवर चढणारे आम्ही दोघे भाऊ आठवलो. एकदा कौल फुटले, घर गळले आणि वडिलांनी धाकट्याला छडीने मारले. कौल आमच्या पायाखाली फुटले होते. तो बोलला नाही आणि आम्हीही बोललो नाही. इतकी वर्षे हे आठवले नव्हते, असे नव्हे. परंतु आठवणीसमोर रोज तासभर बसण्याची वेळ पूर्वी कधी आली नव्हती. विकत आणलेली भेट निवडायला घटकाभर लागते. हाताने केलेली भेट त्या माणसाला अडीच महिने आपल्यासमोर बसवून ठेवते.

लग्नात तो कागदाचा वाडा मेजावर मधोमध मांडला गेला. बायकांनी कौतुक केले, नववधूने डोळे पुसले. आम्ही संकेत मोडून मेजापाशी उभे होतो. लगबगीत असलेला धाकटा तेथे आला, थांबला, खाली वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “दादा, वृंदावन डाव्या हाताला होतं. तुम्ही उजवीकडे केलंय.”

आम्ही म्हणालो, “उजवीकडेच होतं.”

“डावीकडे. विहीर उजवीकडे होती.”

त्याचेच खरे होते. आम्ही म्हणालो, “आणि ते कौल माझ्या पायाखाली फुटलं होतं.”

तो सरळ झाला. “ठाऊक आहे,” म्हणाला आणि हसला. तेवढ्यात मंडपातून त्याला हाक आली.

सारे काही त्या क्षणी मिटले, असे आम्ही लिहिणार नाही. अकरा वर्षांची गाठ एका वाक्याने सुटत नसते. पण पुढच्या पितृपक्षात त्याने विडा घेतला, आणि विहिरीला किती पायऱ्या होत्या यावर आमचा वाद झाला, एवढे मात्र खरे.

वाचकहो, आपल्या घरीही हा उद्योग करून पाहा. एकदम वाडा बांधायला घेऊ नये. पहिल्यांदा राखी करावी. एक घट्ट वेटोळे, भोवती आठ थेंब आणि मागे रेशमाचा दोरा. एका संध्याकाळी होते. भाऊबीजेचे शुभेच्छापत्र, हळदीकुंकवाला लुटायच्या डब्यांवरील फुले, आजीच्या पोथीसाठी खूण, नातीसाठी कानातली, या सर्व वस्तू शेपन्नास रुपयांच्या पट्ट्यांत निघतात. घरातील वृद्धांनाही पट्ट्या गुंडाळायला द्याव्यात. नजर कमी झाली तरी बोटांना वळण ठाऊक असते. चित्र मोठे असेल तर काच वेटोळ्यांवर टेकू नये, म्हणून खोल चौकट घ्यावी. ते उन्हात लावू नये, कारण रंग उडतो. ओलीच्या भिंतीवर लावू नये, कारण पावसाळ्यात कागद सैलावतो.

आणि एखादी चूक राहिली, तर ती उखडून काढण्याची घाई करू नका. आमच्या पुतणीने परवा विचारले, “काका, वृंदावन डावीकडे हलवून द्याल का?” तिच्या वडिलांनीच उत्तर दिले, “नको. राहू दे तसंच.”