जोडी जुळवण्याआधी

जगात आज हजारो आइसलँडिक शीपडॉग आहेत. त्यांतल्या कोणाचीही वंशावळ मागे नेत गेलं, की ती शेवटी 36 कुत्र्यांपाशी येऊन थांबते. हा आकडा लहान असला तरी थोडा धीर देतो. पण 2009 साली पीटर ओलिहुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातीची सगळी वंशावळ तपासली, आणि तो धीर फार टिकला नाही. आजच्या कुत्र्यांत उरलेलं आनुवंशिक वैविध्य जेमतेम 2.2 पूर्वजांइतकं भरलं. विहिरीला झरे 36 होते. आज पाणी आहे ते दोन झऱ्यांपुरतं. काही घराणी पुढे चाललीच नाहीत, तर काही मोजक्या कुत्र्यांची संतती भरमसाट वाढली. अगदी काटेकोर नियोजन केलं तरी हा आकडा 4.7 च्या पुढे जाणार नाही, असंही त्या अभ्यासात निघालं.

पैदाशीच्या कुत्र्यांची आरोग्यतपासणी म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर निवड येते: निरोगी ते ठेवायचे, दोषी ते बाजूला काढायचे. लाखोंच्या संख्येनं असलेल्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत असा कडक हिशेब एक वेळ परवडतो. दुर्मीळ जातीत मात्र बाजूला काढलेल्या प्रत्येक कुत्र्याबरोबर असं काही जातं, जे पुन्हा कुठूनही आणता येत नाही. म्हणून इथे तपासणीचा उपयोग मुख्यतः कोणाची जोडी कोणाशी लावायची हे ठरवण्यासाठी व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

ही जात इतकी आक्रसली कशी, हे समजून घ्यायला हवं. नवव्या शतकात नॉर्वेकडून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर हे कुत्रे आइसलँडला पोचले. मध्यम उंची, ताठ कान, पाठीवर वळलेली शेपटी, दाट दुपदरी केस. मागच्या पायांना बहुधा दोन-दोन जादा नख्या असतात. उन्हाळाभर मेंढ्या डोंगरात मोकळ्या चरतात आणि सप्टेंबरात गावंच्या गावं त्यांना हाकून खाली आणतात; त्या कामात हा कुत्रा भुंकून-भुंकून कळप पुढे रेटतो. आकाशातल्या पक्ष्यांवरही तो भुंकतो, कारण कावळ्यांच्या जातीतले मोठे डोमकावळे नवजात कोकरांवर टपलेले असतात.

एकोणिसाव्या शतकात डिस्टेंपरच्या साथींनी या कुत्र्यांचा फडशा पाडला. त्यातच आणखी एक संकट होतं. मेंढीच्या यकृत-फुप्फुसांतल्या गाठी कुत्र्यानं खाल्ल्या, की त्याच्या पोटात एक बारीक फीतकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात पाण्यानं भरलेल्या मोठ्या गाठी होतात. आइसलँडमध्ये या आजारानं माणसं मरत होती. मग कुत्र्यांवर कर बसला, संख्येवर बंधनं आली, 1901 मध्ये बाहेरून कुत्रे आणायला बंदी झाली आणि 1924 मध्ये रेकयाविक शहरात कुत्रा पाळणंच बेकायदा ठरलं. माणसांच्या दृष्टीनं यातलं बरंचसं योग्यच होतं. जात मात्र दुर्गम खोऱ्यांतल्या शेतांवरच तग धरून राहिली.

1950 च्या दशकात मार्क वॉटसन या इंग्रज गृहस्थांनी असे कुत्रे शोधून काही देशाबाहेर नेले. पुढे 1967 पासून ओलाफ्सवेल्लिर इथल्या सिग्रीदूर पेतुर्सदोत्तिर यांनी आइसलँडमध्येच पद्धतशीर पैदास सुरू केली. वॉटसन यांचा जन्मदिवस, 18 जुलै, तिथे आता या कुत्र्याचा दिवस म्हणून साजरा होतो. जात वाचवताना हाताशी आलेल्या थोड्या कुत्र्यांतून, नात्यातल्या नात्यात जोड्या लावण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. त्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. पण त्याची किंमत पुढच्या पिढ्यांना एकेक जोडी पारखून चुकती करावी लागते आहे.

या जातीत दोन तपासण्या मुख्य मानल्या जातात: खुब्याच्या सांध्याची आणि डोळ्यांची.

खुब्याचा एक्स-रे कुत्रा वर्षाचा झाल्यावर काढतात. त्याला गुंगी देऊन उताणं झोपवतात, मागचे पाय सरळ ताणून समांतर धरतात आणि कंबर जराही तिरकी होऊ देत नाहीत. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या वाटीत किती घट्ट बसतो, वाटी किती खोल आहे, कडांना झीज आहे का, हे तज्ज्ञ पाहतात. युरोपातल्या पद्धतीत ए ते ई अशा श्रेणी देतात: ए उत्तम, सी म्हणजे सौम्य दोष, ई म्हणजे तीव्र. हा दोष अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो. त्यात वाढीच्या वयातलं खाणं, वजन आणि व्यायाम यांचाही वाटा असतो. म्हणून एकट्या कुत्र्याचा एक्स-रे अर्धीच गोष्ट सांगतो. ए श्रेणीच्या नराची चारपैकी तीन भावंडं डी असतील, तर त्याच्यापेक्षा ज्याची सगळी भावंडं बी आहेत तो बी श्रेणीचा नर मला जास्त भरवशाचा वाटतो. दुर्मीळ घराण्यातली सी श्रेणीची, एरवी धडधाकट आणि शांत स्वभावाची कुत्री असेल, तर चांगल्या खुब्यांच्या घरातला नर निवडून तिची एक वीण घ्यावी, असा निर्णय अनेक जाणते ब्रीडर घेतात. मला तो पटतो.

डोळ्यांची तपासणी त्या मानानं सोपी. थेंब घालून बाहुली मोठी करायची, मग पशुनेत्रतज्ज्ञ भिंग आणि प्रकाशझोतानं मोतीबिंदू, दृष्टिपटलातले बदल आणि आतल्या बाजूला वाढलेल्या पापण्या शोधतात. मात्र आज स्वच्छ असलेला डोळा तीन वर्षांनीही तसाच असेल, याची खात्री नसते. त्यामुळे पैदाशीतल्या कुत्र्याची ही तपासणी ठरावीक काळानं पुन्हा करावी लागते.

डीएनए चाचणीची खरी ताकद इथेच कळते. तिच्यासाठी आइसलँडहून इंग्लंडला जाऊ. लँकशायर हीलर हा गुरांच्या टाचेला हलकेच चावून त्यांना हाकणारा बुटका कुत्रा. ब्रिटनच्या केनेल क्लबनं त्याला 1981 मध्ये मान्यता दिली. वर्षाला 300 हून कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या, धोक्यातल्या देशी जातींच्या यादीत तो आहे. या जातीत डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे तंतू तुटून भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. डोळ्यातला दाब वाढतो, असह्य वेदना होतात, कुत्रा आंधळा होतो. हे सहसा तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान घडतं, म्हणजे तोपर्यंत त्याची पिल्लंसुद्धा आई-बाप झालेली असतात. 2010 मध्ये या आजाराला कारण असलेला जनुकीय बदल सापडला, आणि गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावरून पिल्लाचं भविष्य कळू लागलं.

दोषी जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा वाहक असतो. दोन वाहकांची जोडी लावली, तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघतं. वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली, तर दोन्ही दोषी प्रती घेऊन कोणीच जन्मत नाही. सरासरी निम्मी पिल्लं वाहक, निम्मी पूर्ण निर्दोष. पुढच्या पिढीसाठी शक्यतो निर्दोष पिल्लू ठेवायचं. एक वाईट जनुक गळतं आणि त्या कुत्र्याचा बाकीचा सगळा वारसा जातीत राहतो. वाहकालाही हा आजार क्वचित होतो, म्हणून त्याचे डोळे मात्र दरवर्षी पाहावे लागतात. ‘वाहक’ हा शब्द ऐकताच कुत्र्याचं निर्बीजीकरण करून टाकणारे लोक पाहिले, की मला वाईट वाटतं. ज्या चाचणीमुळे तो कुत्रा वाचू शकला असता, तिच्याच नावावर तो बाद होतो.

जनुकीय दोषांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. कोली जातीत सुमारे 70 टक्के कुत्र्यांकडे एमडीआर-1 नावाच्या जनुकातल्या दोषाची किमान एक प्रत असते. अशा कुत्र्याला खरजेसाठी किंवा गोचिडांसाठी मोठ्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिलं, तर औषध मेंदूत साचतं आणि जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे हे औषध सर्रास वापरलं जातं. घरात कोली किंवा त्याचा संकर असेल, तर सुई टोचण्याआधी पशुवैद्यांना तशी आठवण करून द्या.

पण जातीबाहेरचं रक्त न घेता, बंद दारांच्या आत राहून हे किती काळ निभतं? नॉर्वेचा लुंडेहुंड हा सहा बोटांचा कुत्रा 1960 च्या दशकात सहाच जनावरांपासून पुन्हा उभा राहिला. आतड्यांच्या गंभीर विकारानं या जातीला ग्रासलं आहे आणि पिल्लंही कमी होतात. सगळेच कुत्रे एकमेकांसारखे झाल्यावर चाचण्या करून निवडायचं तरी कोणाला? शेवटी तिथल्या क्लबनं जवळच्या जातींशी नियोजित संकर सुरू केला. त्यासाठी निवडलेल्या जातींमध्ये नॉर्वेचाच बुहुंड होता आणि आइसलँडिक शीपडॉगही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुहुंडशी झालेल्या संकरामुळे वैविध्य स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हा मार्ग रुचत नाही. मला तो प्रामाणिक वाटतो.

तपासणीचा निकाल जाहीर करायचा की कपाटात ठेवायचा, यावर मात्र बाकी सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत प्राण्यांच्या अस्थिविकारांची नोंद ठेवणारी, 1966 मध्ये सुरू झालेली ओएफए ही संस्था कुत्र्यांना ‘चिक’ क्रमांक देते. त्यासाठी जातीला नेमून दिलेल्या सगळ्या तपासण्या व्हाव्या लागतात आणि निकाल लोकांसमोर ठेवावे लागतात. निकाल चांगलेच असावेत, अशी अट नाही. ही अट नसणं हाच या व्यवस्थेचा सगळ्यात शहाणा भाग आहे. फिनलंडच्या केनेल क्लबची माहितीही कोणालाही पाहता येते. वाईट एक्स-रे पाठवलेच गेले नाहीत, तर जात कागदावर निरोगी दिसते आणि पिल्लं लंगडत राहतात.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणी अशा दुर्मीळ जातीचं पिल्लू घ्यायला निघालं, तर आई-बापांच्या निकालांबरोबर त्यांच्या भावंडांचेही निकाल विचारावेत. ‘आमच्या कुत्र्यांत कधीच काही निघालं नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मागच्या विणीतल्या एकाला मोतीबिंदू झाला, म्हणून या वेळी नर बदलला’ असं सांगणारा ब्रीडर निवडावा. आणि पिल्लू घरी आल्यावर आपलंही एक काम उरतं. त्याची पैदास करायची नसली तरी वर्षानंतर खुब्यांचा एक्स-रे काढून तो नोंदवावा, आणि सातव्या-आठव्या वर्षी डोळ्यांत काही दिसलं, तर तेही ब्रीडरला कळवावं. तोवर त्याची भावंडं कुठे ना कुठे आजी-आजोबा होण्याच्या बेतात असतात, आणि त्यांच्या पुढच्या जोड्या या माहितीवर ठरायच्या असतात.