परत फिरण्याची वेळ

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स ही पर्वतरांग आहे. तिच्यातील फ्रँकोनिया डोंगरधारेचे सर्वांत उंच शिखर माउंट लाफायेट हे सुमारे 1,600 मीटर उंचीचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडे कमीच आहे. बोस्टनहून मोटारीने अडीच तासांच्या आत पायथा गाठता येतो. त्यामुळे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बोस्टन परिसरात राहणारा एखादा मराठी तरुण ‘शनिवारी मित्राबरोबर बर्फातला डोंगर चढायला जातो आहे’ असे फोनवर सांगतो, तेव्हा घरच्यांना ती एक साधी सहल वाटते. मात्र या डोंगराचा हिवाळ्यातील हिशेब केवळ उंचीवरून मांडता येत नाही.

स्नोशूची उपयुक्तता

ताज्या बर्फात साधा बूट गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. काही पावलांतच माणूस थकून जातो. यावर उपाय म्हणजे स्नोशू. बुटाखाली बांधावयाची ही रुंद, लांबट चौकट शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरविते आणि पाऊल वरच राहते. तिच्या तळाशी असलेले धातूचे दाते चढावर पकड देतात. दोघे मित्र असतील तर एकाने पुढे राहून बर्फ तुडवीत वाट करावयाची व थोड्या वेळाने दुसऱ्याने ते काम घ्यावयाचे, असा प्रघात आहे. हे श्रम बरोबरीने वाटले गेले, तरच दोघांची शक्ती परतीसाठी शिल्लक राहते.

कपड्यांचेही शास्त्र आहे. सुती कपडा घामाने ओला झाला की लवकर सुकत नाही आणि अंगातील ऊब काढून घेतो. म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्यांचे कपडे थरावर थर घालतात. चढताना घाम येण्यापूर्वीच एक थर उतरवावयाचा आणि थांबताच तो पुन्हा चढवावयाचा. पाणी वरून गोठू लागते, म्हणून बाटली उबदार आवरणात उलटी ठेवतात. म्हणजे बूच तरी मोकळे राहते.

धारेवरचे पावणेतीन किलोमीटर

फॉलिंग वॉटर्स या वाटेने चढून, लिटल हेस्टॅक, लिंकन व लाफायेट ही शिखरे ओलांडून ओल्ड ब्रायडल पाथने उतरावयाचे, ही फेरी सुमारे 14 किलोमीटरची आहे. पहिला टप्पा दाट झाडीतून जातो आणि तेथे वारा फारसा जाणवत नाही. लिटल हेस्टॅकजवळ झाडे संपतात. तेथून लाफायेटपर्यंत सुमारे पावणेतीन किलोमीटर उघडी धार आहे. अनेक ठिकाणी वाऱ्याने बर्फ उडून जाऊन खडक आणि गोठलेला कडक थर उरलेला असतो; तेथे स्नोशू काढून बुटांना काटेरी साखळ्या लावाव्या लागतात. तापमान उणे 15 अंश सेल्सिअस आणि वारा ताशी 50 किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे उणे 29 अंशांची थंडी जाणवते. ढग उतरले की वाट दाखविणारे दगडांचे ढीगही दिसेनासे होतात. लाफायेटच्या खालचे ग्रीनलीफ विश्रामगृह हिवाळ्यात बंद असते. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो.

म्हणूनच अनुभवी मंडळी शिखरापेक्षा घड्याळाला अधिक महत्त्व देतात. ‘एक वाजता, जेथे असू तेथून परत’ असे ते पायथ्याशीच ठरवितात. व्यापारात एखाद्या ग्राहकाच्या उधारीची मर्यादा माल देण्यापूर्वी ठरविली जाते. माल उचलून झाल्यावर ती ठरविण्यात अर्थ नसतो. डोंगरावरही तसेच आहे. शिखर समोर दिसू लागल्यावर मन तटस्थ राहत नाही. इतके श्रम केले, आता थोडक्यासाठी कशाला सोडावयाचे, हा विचार प्रबळ होतो आणि बुडीत खात्यात आणखी भांडवल घालणाऱ्या माणसासारखी गिर्यारोहकाची अवस्था होते.

1982 ची घटना

याच पर्वतरांगेतील माउंट वॉशिंग्टनवर जानेवारी 1982 मध्ये ह्यू हर व जेफ बॅट्झर हे दोन मित्र गेले. हर 17 वर्षांचे, तर बॅट्झर 20 वर्षांचे होते. बर्फाच्या घळीतील कठीण चढाई त्यांनी यशस्वीपणे पूर्ण केली. शिखर फार दूर नव्हते, म्हणून हवा बिघडत असतानाही ते पुढे निघाले. थोड्याच वेळात त्यांनी परत फिरण्याचे ठरविले; परंतु वादळात दिशा चुकली आणि ते ग्रेट गल्फ या भलत्याच खोऱ्यात उतरले. तीन रात्री त्यांनी उघड्यावर काढल्या. अखेर स्नोशू घालून फिरावयास निघालेल्या एका महिलेला बर्फात त्यांच्या पाऊलखुणा दिसल्या आणि दोघांचे प्राण वाचले. हिमदंशामुळे हर यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. बॅट्झर यांनाही एक पाय गमवावा लागला.

मात्र सर्वांत मोठी किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली. शोधपथकातील स्वयंसेवक अल्बर्ट डाऊ 25 जानेवारी रोजी हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. ते 28 वर्षांचे होते. हर पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक झाले आणि कृत्रिम पायांच्या संशोधनात त्यांनी जगभर नाव मिळविले. डाऊ यांच्या बलिदानाची जाणीव आपल्या कामामागे आहे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. आपण पत्करलेली जोखीम आपल्यापुरती राहत नाही, हे या घटनेतून दिसते.

जबाबदारीची व्यवस्था

न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणामुळे सुटकेची वेळ आली, तर तिचा खर्च संबंधिताकडून वसूल करण्याची तरतूद आहे. 2015 पासून तेथे ‘हाइक सेफ कार्ड’ मिळते; वर्गणी व्यक्तीसाठी 25 डॉलर व कुटुंबासाठी 35 डॉलर अशी ठेवण्यात आली. कार्डधारकाला त्या वसुलीतून सूट मिळते व जमा रक्कम सुटकेच्या कामासाठी वापरली जाते. परंतु बेदरकार वर्तनाला हे संरक्षण लागू होत नाही.

मित्राचे कर्तव्य

अशा वाटेवर सोबतीला उत्साह वाढविणारा मित्र सहज मिळतो. ‘तुझ्या हातमोज्यातील बोटांना संवेदना आहे का?’ असे पुनःपुन्हा विचारणारा आणि वेळ होताच ‘आता परत’ म्हणणारा मित्र अधिक मोलाचा. दोघांपैकी एकाने परत म्हटले की दुसऱ्याने वाद घालावयाचा नाही, हा करार निघण्यापूर्वीच व्हावा.

दूरदेशी असलेल्या मुलाला डोंगरावर जाऊ नको म्हणण्याची आवश्यकता नाही. निर्मळ हवा, शुभ्र धार आणि स्वतःच्या पायांवरचा विश्वास यांचा आनंद त्याने अवश्य घ्यावा. मात्र फोनवर चार प्रश्न जरूर विचारावेत: कोणत्या वाटेने जाणार? सोबत कोण? परत फिरण्याची वेळ कोणती? आणि रात्री किती वाजेपर्यंत निरोप आला नाही, तर तेथे कोणी, कोणाला कळवावयाचे? या चारही प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ तयार असतील, तर घरच्यांनी निश्चिंतपणे होकार द्यावा.