मैत्रीच्या पावाचें गोडें खमीर

विरजणासाठीं दह्याची कवडी राखून ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघरीं आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियांत अद्याप घोड्यांनीं शेत नांगरणारे ॲमिश पंथाचे लोक आहेत. त्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें पावाचें गोडें खमीर याच जातीचें होय. त्याची कृति वाचकांपुढें ठेवितों.

पाव पेला कोमट पाण्यांत ७ ग्रॅम कोरडें यीस्ट भिजवावें. तें फसफसल्यावर मैदा, साखर व दूध एकेक पेला घालून चिनी मातीच्या मोठ्या बरणींत ढवळावें. खमीर साखर खाऊन वायु सोडितें. म्हणून झांकण सैल ठेवावें. हा पहिला दिवस. २ ते ५ दिवस रोज लांकडी चमच्यानें ढवळावें. ६ व्या दिवशीं तेच तीन जिन्नस एकेक पेला घालावे. ७ ते ९ दिवस नुसतें ढवळावें. १० व्या दिवशीं पुन्हा तेंच खाद्य देऊन चार पेले काढावे. तीन शेजाऱ्यांस द्यावे, एक राखावा, उरल्याचा पाव भाजावा. बुरशी किंवा गुलाबी, नारिंगी छटा दिसल्यास सर्वच फेंकावें. वरवर काढून वापरूं नये.

आमच्या घरीं एकदां राखलेला पेलाही चुकून पावांत गेला. शेजारीं दिलेल्यांतून थोडें मागून आणिलें, तेव्हां खमीर पुन्हा चालू झालें. बियाण्याचेंही असेंच आहे: जें चार घरीं दिलें, तें बुडत नाहीं.