विजेच्या तारांवरून घरांत इंटरनेट

जाड दगडी भिंतींच्या वाड्यांत राऊटरच्या लहरी बहुधा माजघरापलीकडे पोंचत नाहींत. तेथें पॉवरलाईन अडॅप्टरांची जोडी उपयोगी पडते. एक राऊटरशीं जोडून, दुसरा दूरच्या खोलींत लावला, कीं घरांतील विजेच्या तारांवरूनच इंटरनेट जातें. मात्र दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असावेत. तीन फेजांच्या घरीं हें खरेदीपूर्वींच वायरमनकडून पाहून घ्यावें. एक फेज गेली कीं बोर्डावर दुसरी घेण्याची आपली नित्याची तऱ्हाही येथें आड येते. अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डांत न लावतां भिंतींतील सॉकेटांतच बसवावा. खोक्यावरील आंकड्यास भुलूं नये. प्रत्यक्ष वेग त्याहून पुष्कळच कमी मिळतो. विहिरीवरील पंपाचा मीटर निराळा असतो. तेथवर ही युक्ति चालेल अशी आशा धरूं नये.